तात्पुरत्या मुक्कामाची शाळा

हेगहून लायडेनकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वासेनार नावाचे गाव लागते. गर्द झाडी, मोठमोठी आवारे आणि त्यांच्या आत दडलेले बंगले असे त्याचे रूप आहे. नेदरलँड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर २०१९ पर्यंत याच गावातील एका निवासस्थानी राहत होते, एवढे सांगितले म्हणजे वस्तीचा दर्जा ध्यानात यावा. ‘अमेरिकन स्कूल ऑफ द हेग’ ही १९५३ साली सुरू झालेली शाळा आज या गावात भरते. दूतावासांतील अधिकारी, आंतरराष्ट्रीय संस्थांतील कायदेपंडित, मोठ्या कंपन्यांचे व्यवस्थापक अशांची मुले तेथे शिकतात. दोन-चार वर्षांनी आपण कोणत्या देशात असू हे त्यांतील पुष्कळ पालकांना स्वतःलाही ठाऊक नसते.

हा प्रश्न मराठी वाचकाचा नव्हे, असे कोणास वाटेल. पंचवीस वर्षांपूर्वी तो बहुतांशी नव्हताच. परंतु संगणक क्षेत्रातील कंपन्या पुण्या-मुंबईचे अभियंते ॲमस्टरडॅम, आइंडहोवेन, हेग येथे धाडू लागल्यापासून परिस्थिती पालटली आहे. ॲमस्टरडॅमला खेटून असलेल्या ॲमस्टलवेनमध्ये भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती झाली असून तीत मराठी घरेही आहेत. ज्या शिक्षकाचा वा कारकुनाचा मुलगा असा परदेशी गेला आहे, त्याला एखाद्या रात्री दूरध्वनी येतो : ‘बाबा, धाकटीला कोणत्या शाळेत घालावं?’ बाबांनी आयुष्यात एकदाच शाळा निवडलेली असते, आणि तीही घरापासून चालत जाण्याजोगी होती म्हणून.

मुलापुढे मात्र तीन वाटा असतात. गल्लीच्या टोकाची डच शाळा ही पहिली. तेथे फी नाही. डच सरकारच्या अनुदानावर चालणारी इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळा ही दुसरी. येथे प्राथमिक वर्गासाठी वर्षाला साधारणपणे पाच ते सात हजार युरो आणि माध्यमिकसाठी त्याहून काहीसे अधिक पडतात. विनाअनुदान खाजगी शाळा ही तिसरी वाट. अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळा या गटात मोडतात आणि त्यांची फी वर्षाला वीस हजार युरोंच्या पुढे जाते. या तिहींतून एक निवडताना बहुतेक पालक इमारत पाहतात, निकाल पाहतात, ओळखीच्यांना विचारतात. वास्तविक पाहावयास हवी ती दोन घड्याळे : एक नोकरीच्या कराराचे, दुसरे मुलाच्या वयाचे. ती दोन्ही एकाच गतीने चालत नाहीत, हीच या निवडीतील खरी अडचण आहे.

अमेरिकी म्हणजे काय?

‘अमेरिकी अभ्यासक्रम’ हा शब्दप्रयोगच मुळी थोडा फसवा आहे. अमेरिकेला राष्ट्रीय अभ्यासक्रम नाही. शिक्षण हा तेथे घटक राज्यांचा आणि स्थानिक शाळामंडळांचा विषय असून टेक्सासमधील पाठ्यपुस्तक मॅसॅच्युसेट्समध्ये चालेलच असे नाही. मग युरोपातील शाळा अमेरिकी ठरते कशावरून? मुख्यतः दोन गोष्टींवरून. न्यू इंग्लंडच्या किंवा मध्य राज्यांच्या शाळा-महाविद्यालय संघटनेसारख्या एखाद्या अमेरिकी संस्थेची तिला मान्यता असते, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट तिच्या हिशेबाच्या पद्धतीची. नववी ते बारावी ही चार वर्षे, प्रत्येक विषयाचे वर्षागणिक श्रेयांक, त्यांची सरासरी, आणि अखेरीस हातात पडणारे गुणपत्रक, ज्याच्या आधारे अमेरिकेतील महाविद्यालये प्रवेश देतात. ज्यांना अधिक करावयाचे असेल त्यांच्यासाठी ‘कॉलेज बोर्डा’च्या एपी परीक्षा असतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९६४ मध्ये परदेशांतील अशा शाळांसाठी एक स्वतंत्र कार्यालयच उघडले. ते शाळा चालवीत नाही. मात्र त्यांना साहाय्य करते, कारण आपल्या अधिकाऱ्यांची मुले कोठे शिकणार हा प्रश्न सुटल्याशिवाय अधिकारी बदलीला तयार होत नाहीत, हे त्या सरकारला उमगले होते.

हेच आपल्याकडेही घडले आहे. केंद्र सरकारच्या बदलीपात्र नोकरांच्या मुलांसाठी १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालयांची योजना निघाली ती याच कारणाने. जबलपूरहून देवळालीला आलेल्या लष्करी हवालदाराचा मुलगा तेच पुस्तक त्याच पानावर उघडू शकतो, हे त्या योजनेचे बळ. परदेशात या विद्यालयांच्या शाखा तीनच : काठमांडू, तेहरान आणि मॉस्को. म्हणजे युरोपात नोकरीस गेलेल्या भारतीयाला मॉस्को सोडून कोठेही हा आधार नाही. आखातात केंद्रीय मंडळाशी संलग्न शाळा पुष्कळ आहेत; तिकडचा मराठी कामगार वा अभियंता त्यामुळे या पेचातून बराचसा सुटला. पश्चिम युरोपात मात्र आपल्या लोकांना दुसऱ्यांच्या ‘केंद्रीय विद्यालयां’त जागा शोधावी लागते, आणि अमेरिकी शाळा हे त्यांतील सर्वांत देखणे व सर्वांत महाग विद्यालय होय.

पैसे कोणाचे?

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ग्राहक म्हणजे एकच व्यक्ती असते. तो पैसे देतो, निवड करतो आणि उपभोगही घेतो. या शाळांच्या बाजारात ही तीन कामे तिघांकडे गेलेली असतात. पैसे देते कंपनी किंवा सरकार, निवड करतात आईबाप आणि शाळेत जाते मूल. अमेरिकी मुत्सद्द्याच्या मुलाची फी त्याचे सरकार भत्त्याच्या रूपाने देते. बड्या कंपनीच्या व्यवस्थापकाची फी कंपनी उचलते. ज्याला बिल भरावयाचे नाही तो किंमत पाहून मागणी कमी करीत नाही. साहजिकच फी वाढली तरी पट फारसा घसरत नाही, आणि पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, मैदाने यांची शर्यत लागते. यात शाळांचा दोष आहे असे नव्हे. विनाअनुदान शाळेला पटावरच जगावयाचे असते. ‘शेल’ कंपनीने २०२२ मध्ये आपले मुख्यालय हेगमधून लंडनला हलविले. युरोपीय औषध नियामक संस्था २०१९ मध्ये लंडनहून ॲमस्टरडॅमला आली. अशा एका-एका निर्णयाबरोबर शेकडो कुटुंबे आणि त्यांची मुले इकडची तिकडे होतात. एवढ्या अनिश्चित गिऱ्हाइकीवर चालणारी संस्था स्वस्त असू शकत नाही.

डच सरकारचाही या बिलात एक अदृश्य वाटा आहे. परदेशातून आणलेल्या कुशल कर्मचाऱ्याच्या पगारातील ३० टक्क्यांपर्यंत रक्कम करमुक्त ठेवण्याची सवलत तेथे आहे. २०२७ पासून ती २७ टक्के करण्याचा कायदा झाला आहे. मालकाने दिलेली आंतरराष्ट्रीय शाळेची फी या टक्केवारीच्या बाहेर, निराळी करमुक्त धरता येते. या सवलतीची मुदत पूर्वी दहा वर्षे होती, २०१२ पासून आठ झाली आणि २०१९ पासून ती पाच वर्षांवर आली. हा ‘पाच’ आकडा वाचकाने लक्षात ठेवावा.

आता आपल्या अभियंत्याचा हिशेब पाहू. तीस वर्षांवरील कुशल स्थलांतरित म्हणून परवाना मिळण्यासाठी २०२५ मध्ये डच सरकारने ठरविलेला किमान पगार दरमहा ५,६८८ युरो होता, म्हणजे वर्षाला ६८ हजारांच्या आसपास. दोन मुलांना अमेरिकी शाळेत घालावयाचे तर चाळीस हजारांहून अधिक युरो फीपोटी जातात. ढोबळ पगाराचा निम्म्याहून मोठा भाग गेल्यावर उरलेल्या रकमेतून कर द्यावयाचा, ॲमस्टरडॅमच्या परिसरातील घरभाडे द्यावयाचे आणि गावी आईवडिलांना काही पाठवावयाचे! किमान पगारावरच्या माणसाला हे अशक्य आहे. त्याच्या दीडपट मिळविणाऱ्यालाही जड आहे. भारतीय कंपन्यांकडून पाठविल्या जाणाऱ्या पुष्कळ अभियंत्यांना शिक्षणभत्ता मिळत नाही. म्हणजे फुकट मिळणाऱ्याला जी वस्तू स्वाभाविक वाटते, तीच वस्तू स्वतःच्या खिशातून घेणाऱ्याला केवळ शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून हवीशी वाटते. आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळांबाबत जे घडले त्याची ही युरोपीय आवृत्ती म्हणावी लागेल.

पाचवे वर्ष

तथापि पैशाची अडचण ही दिसणारी अडचण आहे, आणि दिसणाऱ्या अडचणीतून माणूस काही ना काही मार्ग काढतो. न दिसणारी अडचण पाच वर्षांनी उभी राहते.

अशी कल्पना करावी की, एका कुटुंबाला तीन वर्षांच्या बोलीवर हेगला पाठविले आहे. मुलगी सहा वर्षांची आहे. कंपनी फी देत आहे, तेव्हा अमेरिकी शाळा हाच सरळ विचार ठरतो. तीन वर्षांनी परतावयाचे असल्यामुळे डच शिकवून काय उपयोग, असे आईबाप म्हणतात, आणि त्या घडीला त्यांचे म्हणणे बिनतोडही असते. मुलगी शाळेत रमते. तीन वर्षांचा करार वाढून पाचांचा होतो. मग एक दिवस कंपनी सांगते की, यापुढे आपली नेमणूक स्थानिक अटींवर राहील. करसवलत संपली, भत्ता संपला. नोकरी मात्र पक्की झाली. नोकरी पक्की झाल्याचे पेढे वाटावयाचे की फीची चिंता करावयाची, हे त्या घराला समजत नाही. मुलगी आता अकरा वर्षांची आहे. अस्खलित इंग्रजी बोलते. डचमध्ये ‘धन्यवाद’ आणि ‘शुभ सकाळ’ यापलीकडे तिची फारशी मजल नाही.

नेमके याच वयात डच शिक्षणपद्धती मुलांची वाटणी करते. प्राथमिक शाळेच्या आठव्या आणि अखेरच्या इयत्तेत, म्हणजे बाराव्या वर्षाच्या सुमारास, शाळा मुलाविषयी शिफारस करते आणि त्या जोडीला एक चाचणी होते. सहा वर्षांचा ‘व्हीडब्ल्यूओ’ हा प्रवाह विद्यापीठाकडे नेतो, पाच वर्षांचा ‘हावो’ उच्च व्यावसायिक महाविद्यालयाकडे आणि चार वर्षांचा ‘व्हीएमबीओ’ धंदेशिक्षणाकडे. एका प्रवाहातून वरच्या प्रवाहात जाता येते. पण त्यात वर्षे खर्ची पडतात. इतक्या कोवळ्या वयात मुलांची प्रतवारी करावी काय, यावर खुद्द त्या देशात वाद आहे आणि ओईसीडी या संघटनेनेही त्याबद्दल प्रतिकूल मत दिले आहे. परंतु पद्धत आहे ती अशी आहे. बारा वर्षांवरील नवागत मुलांसाठी भाषा शिकविणारे निराळे वर्ग असतात. तेथे वर्ष-दोन वर्षे काढल्यावर ते मूल कोणत्या प्रवाहात पडते हे त्याच्या बुद्धीपेक्षा त्या काळात त्याला किती डच आले यावर अवलंबून राहण्याचा धोका असतो. गणितात पहिली येणारी मुलगी केवळ गणिताच्या प्रश्नातील भाषा न कळल्यामुळे दुसऱ्या रांगेत बसविली जाऊ शकते.

म्हणजे पाचव्या वर्षी त्या कुटुंबापुढे तीन दरवाजे उरतात : वर्षाला वीस हजारांहून अधिक युरो स्वतः मोजणे, मुलीला परक्या भाषेत ऐन वाटणीच्या वेळी ढकलणे, किंवा चालती नोकरी सोडून पुण्यास परतणे. अनुदानित आंतरराष्ट्रीय शाळा हा चौथा दरवाजा आहे खरा. पण तो हवा तेव्हा उघडतोच असे नाही. पालक मर्यादित काळासाठी नेमणुकीवर आहेत असे मालकाचे पत्र तेथे द्यावे लागते, आणि नेमणूक कायम झालेल्याला तसे पत्र मिळविणे अवघड जाते. शिवाय प्रतीक्षायादी असते. सहाव्या वर्षी केवळ शाळेपुरता वाटलेला निर्णय अशा रीतीने अकराव्या वर्षी बापाची नोकरी आणि घरचा देश ठरवून बसतो.

याचे मूळ ‘तात्पुरते’ या शब्दात आहे. परदेशी गेलेला माणूस आपला मुक्काम नेहमी कमी धरतो. दोन वर्षांचे पाच होतात, पाचांचे दहा. जो माणूस गृहकर्जाच्या हप्त्यांचा पंधरा वर्षांचा तक्ता मांडतो, तोच मुलाच्या शाळेचा विचार कराराच्या कागदावर छापलेल्या तारखेपुरता करतो. याउलट चूकही होते. नाही असे नाही. दोनच वर्षांत परतणाऱ्याने मुलाला डच शाळेत घातले, मूल कसेबसे बोलू लागले आणि तिकीट निघाले. परंतु या दोन चुकांची किंमत सारखी नाही. सहा वर्षांचे मूल दोन वर्षे डच शिकून परत आले तर त्याचे नुकसान पुण्यातल्या दुसरी-तिसरीत सहज भरून निघते. अकरा वर्षांचे मूल भाषेवाचून अडकले तर ते नुकसान भरून काढण्यास फारच थोडा अवधी उरतो. ज्या चुकीची भरपाई स्वस्त ती चूक पत्करावी, हा विम्याचा साधा व्यवहार येथे विसरला जातो. लहान मुलासाठी गल्लीतली डच शाळा हा अशा अर्थाने स्वस्तातला विमा आहे, आणि त्याचा हप्ता डच करदाता भरतो.

मोठ्या मुलांची गोष्ट वेगळी

एवढे वाचून अमेरिकी शाळा म्हणजे श्रीमंतांचा पोरखेळ, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी तीच शाळा कित्येकदा सर्वांत दयाळू ठरते.

याचे कारण तिच्या हिशेबाच्या पद्धतीत आहे. अमेरिकी पद्धतीत एकच एक मोठी परीक्षा नसते. नववीत मिळविलेले श्रेयांक नववीपुरते पक्के होतात. दहावी दुसऱ्या देशात केली तरी ते बुडत नाहीत. पुण्याहून अकरावीच्या मध्यावर उचललेले मूल त्या वर्गात बसू शकते. जिनिव्हात १९६८ साली आकारास आलेल्या आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटची पदविका हा दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे. त्याच्या मध्यभागी शिरणे दुरापास्त. डच शाळेचा तर प्रश्नच नको. शिवाय दर वर्षी निम्मेशिम्मे नवे चेहरे पाहण्याची सवय असलेल्या शिक्षकांना नवागताला कसे सामावून घ्यावे हे ठाऊक असते. आपल्याकडे बँकेतील अधिकाऱ्याचा मुलगा बारावीच्या वर्षी बापाच्या बदलीपायी आजोळी राहतो. अमेरिकी शाळेत त्याला आजोळी राहावे लागले नसते, एवढे श्रेय त्या पद्धतीला दिलेच पाहिजे.

मात्र हे चलन सर्वत्र दर्शनी किमतीला वटत नाही. अमेरिकेत ते वटते हे उघड आहे. नेदरलँड्समधील संशोधन विद्यापीठांना केवळ अमेरिकी शालान्त पदविका पुरत नाही. त्याबरोबर तीन-चार एपी विषयांत ठरावीक गुण लागतात. म्हणजे ज्या शहरात मूल शिकले त्याच शहराशेजारच्या लायडेन विद्यापीठात जाण्यासाठी त्याला जादा परीक्षा द्याव्या लागतात. पुष्कळ अमेरिकी शाळांनी एपीच्या जोडीला आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट ठेवले आहे ते काही उगाच नव्हे.

भारतात परतणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. अमेरिकी माध्यमिक शाळेत एका वर्षी जीवशास्त्र, पुढच्या वर्षी रसायन, त्यापुढे भौतिकी असा क्रम पुष्कळदा असतो. आपल्या वैद्यकीय प्रवेशाला बारावीपर्यंत भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय झालेले लागतात. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलाने नववीतच विषयांची मांडणी केली नाही तर बारावीनंतर पुण्यात येऊन त्याला कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात. शाळेचा समुपदेशक अमेरिकेतील महाविद्यालयांची खडानखडा माहिती देईल. आपल्या नियमांची माहिती त्याने ठेवावी ही अपेक्षा अवाजवी आहे. ते काम आईबापांचे.

शेजार

हिशेबात न बसणारी आणखी एक बाब आहे. समाजशास्त्रज्ञ जॉन आणि रूथ युसीम या दांपत्याने १९५० च्या दशकात परदेशस्थ अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास केला तो भारतात. येथे राहणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांची, तंत्रज्ञांची, मिशनऱ्यांची मुले पाहून त्यांनी ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ ही संज्ञा वापरली. पहिली संस्कृती आईबापांची, दुसरी मुक्कामाच्या देशाची आणि तिसरी या फिरत्या लोकांची आपापसांतली. कोडाईकनालला १९०१ साली अमेरिकी मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निघालेली शाळा हे त्या तिसऱ्या संस्कृतीचे जुने घर होते. गंमत अशी की, तेव्हा आपण यजमान होतो आणि ती मुले पाहुणी. आज वासेनारच्या शाळेतील मराठी मूल त्या पाहुण्यांच्या जागी बसले आहे. दर जूनमध्ये त्याचा एखादा जिवलग मित्र सिंगापूरला किंवा ह्यूस्टनला निघून जातो.

डच शाळेत मित्र जात नाहीत. तेथे शिकण्याच्या भाषेची अट आहे, जातीधर्माची नाही. १९१७ च्या घटनादुरुस्तीने नेदरलँड्सने सरकारी आणि धार्मिक शाळांना समान अनुदान देण्याचे तत्त्व स्वीकारले. त्याचा लाभ घेऊन सुरिनाममधून आलेल्या हिंदुस्थानी समाजाने हेगमध्ये सरकारी खर्चाने हिंदू प्राथमिक शाळाही चालविल्या आहेत. शिक्षण मात्र डचमध्येच. दीडशे वर्षांपूर्वी बिहार आणि संयुक्त प्रांतातून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या या वंशजांनी धर्म सांभाळला आणि भाषा राज्याची घेतली. नव्याने आलेल्या आपल्या अभियंत्यांना त्यांच्याकडून पुष्कळ काही विचारता येईल. ते विचारीत नाहीत, कारण दोघांच्या शाळाच वेगळ्या.

मराठीचे काय, हा प्रश्न घरोघरी निघतोच. मराठी टिकते ती घरात. शाळा अमेरिकी असो वा डच, मराठीच्या वाट्याला शनिवार-रविवारच उरतो. काही शहरांतील मराठी मंडळी त्या दिवशी वर्ग भरवितात, तेवढाच आधार. फरक इतकाच की, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरी आईबापही इंग्रजी बोलू शकतात, म्हणून बोलू लागतात. डच शाळेतील मुलाच्या घरी आईबापांना डच येत नसते. नाइलाजाने मराठी चालू राहते!

राहता राहिला एकाच घरातील दोन मुलांचा प्रश्न. थोरला पंधराचा, धाकटी पाचाची. दोघांना एकाच शाळेत घालण्याकडे सर्वांचा ओढा असतो. एकाला महागडी शाळा आणि दुसरीला फुकटची, हे बापाला पक्षपातासारखे वाटते. आजोबांनाही पुण्यात बसून तसेच वाटते. परंतु थोरल्याच्या हाती वेळ नाही आणि धाकटीच्या हाती भरपूर आहे. डच मूल चौथ्या वाढदिवसानंतर शाळेत जाऊ लागते आणि पाचव्या वर्षापासून हजेरी सक्तीची होते. पाच वर्षांची मुलगी त्या वर्गात गेली तर आजूबाजूची मुलेही अक्षरेच गिरवीत असतात. हजेरीच्या बाबतीत मात्र डच माणूस कठोर. गावच्या लग्नासाठी शाळा चालू असताना मुलाला घेऊन विमानात बसणाऱ्या पालकांना तेथे दंड होऊ शकतो. हे पहिल्याच वर्षी आजीला समजावून सांगितलेले बरे.

मग सकाळी थोरला बसने वासेनारला जातो आणि धाकटीला आई सायकलच्या पुढच्या पेटीत बसवून कोपऱ्यावरच्या शाळेत सोडते. कुशल स्थलांतरिताच्या पत्नीला तेथे नोकरी करण्याची मुभा असते, पण डच आल्याशिवाय ती बहुधा कागदावरच राहते. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बायकांचे बोलणे तिला पहिल्या वर्षी कळत नाही. दुसऱ्या वर्षी पाऊस आणि वारा यांपुरते कळू लागते. तिसऱ्या वर्षी धाकटी तिच्या चुका दुरुस्त करते, फाटकापाशी, सर्वांदेखत.